गळापासून ताटापर्यंत : स्वतः धरलेली मासळी घरी आणताना

बेळगावहून चोर्ला, आंबोली किंवा अनमोड यांपैकी कोणताही घाट उतरला, की तीन-चार तासांत समुद्र गाठता येतो. आपल्यापैकी कित्येकांची मूळ गावे, कुलदैवते आणि सोयरिकी घाटाखालच्या त्या चिंचोळ्या पट्टीत आहेत. त्यामुळे सुट्टी मिळताच वेंगुर्ले, मालवण, पेडणे या बाजूला जाणे, खाडीच्या काठी किंवा खडपावर बसून गरवणे, ओळखीच्या होडीवाल्याबरोबर पहाटे आत जाणे आणि संध्याकाळी मासळी घेऊन पुन्हा घाट चढणे, हा आपल्याकडील एक जुना छंद आहे. आपल्या व्यवसायबंधूंपैकीही अनेक जण या छंदाचे निष्ठावंत उपासक आहेत. मी स्वतः गेली पंचवीस वर्षे त्यांच्यापैकीच एक आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र मासे धरण्याचे कसब हा नाही. गळाला मासा लागल्यापासून तो शिजून ताटात येईपर्यंत जे दहा-बारा तास जातात, त्या तासांचा येथे विचार करावयाचा आहे. बाजारात मासळी घेताना आपण कल्ले उघडून पाहतो, डोळे न्याहाळतो, बोटाने दाबून पाहतो. जुलै २०१८ मध्ये गोव्यात मासळीतील फॉर्मेलिनचा प्रश्न गाजला आणि परराज्यांतून येणाऱ्या मासळीवर तेथील शासनाने काही काळ बंदी घातली. तेव्हापासून तर ही चिकित्सा अधिकच वाढली. स्वतः धरलेल्या मासळीबद्दल मात्र आपल्या मनात तिळमात्र शंका येत नाही. ती आपल्या डोळ्यांदेखत पाण्यातून वर आलेली असते. तिच्यात ना रसायन, ना शिळेपण, असे आपण गृहीत धरतो. या विश्वासापोटीच तिची हेळसांड होते. मोठी यांत्रिक नौका बर्फ भरल्याशिवाय बंदर सोडत नाही. हौशी माणूस मात्र गळ, दोरी, आमिष, शिदोरी आणि चहाचा थर्मास एवढे सारे आठवणीने घेतो आणि बर्फ तेवढा विसरतो.

‘ताजा मासा’ म्हणजे आज धरलेला मासा, अशी आपली समजूत आहे. वैद्यकीय दृष्टीने ही व्याख्या अपुरी आहे. मासा पाण्याबाहेर आल्यापासून किती तास गेले आणि ते किती तापमानात गेले, या दोन गोष्टी मिळून त्याचा ताजेपणा ठरतो. सकाळी सातला धरलेला आणि दुपारी चारपर्यंत गाडीच्या डिकीत राहिलेला बांगडा ‘आजचाच’ असतो. पण बर्फात नीट ठेवलेल्या परवाच्या बांगड्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

मासा मेल्यानंतर काय घडते

मासा शीतरक्ताचा प्राणी असल्यामुळे त्याच्या शरीराचे तापमान बहुधा सभोवतालच्या पाण्याइतके असते. आपल्या किनाऱ्यावरील समुद्राचे पाणी वर्षातील बराच काळ २६ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. म्हणजे आपल्या हाती येणारा मासा मुळातच उबदार असतो. थंड प्रदेशातील कोळ्याला निसर्गाने जी सवलत दिली आहे, ती आपल्याला नाही.

मृत्यूनंतर स्नायूंतील ग्लायकोजेनचे लॅक्टिक आम्लात रूपांतर होते आणि ऊर्जा पुरविणारे एटीपी टप्प्याटप्प्याने मोडू लागते. त्यातील एका टप्प्यावर इनोसिन मोनोफॉस्फेट हा पदार्थ तयार होतो. ताज्या मासळीची जी विशिष्ट गोडसर, भरीव चव आपल्याला आवडते, तिच्यात या पदार्थाचा मोठा वाटा असतो. पुढे त्याचे इनोसिन आणि हायपोझँथिन होते, तेव्हा चव उतरते आणि कडवटपणा येतो. जो मासा गळाला लागल्यावर दीर्घकाळ झुंजतो व नंतर होडीच्या तळाशी तडफडत राहतो, त्याचा ऊर्जासाठा जिवंतपणीच संपलेला असतो. त्याला मरणोत्तर ताठरता लवकर येते आणि तो लवकर मऊ पडतो. म्हणून मासा वर येताच डोक्यावर एक नेमका घाव घालून त्याला संपवणे आणि कल्ल्यांजवळील रक्तवाहिनी कापून रक्त वाहू देणे, हे माशाच्या दृष्टीने दयेचे आणि चवीच्या दृष्टीने हिताचे आहे. जपानमध्ये या कृतीचे एक शास्त्रच विकसित झाले असून ते ‘इकेजिमे’ या नावाने ओळखले जाते.

जिवंत माशाचे मांस जवळजवळ निर्जंतुक असते. जीवाणू असतात ते त्वचेवरील बुळबुळीत आवरणात, कल्ल्यांत आणि आतड्यांत. मृत्यूनंतर प्रतिकार संपतो आणि ते आत शिरू लागतात. समुद्री माशांच्या शरीरात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. जीवाणू त्याचे ट्रायमिथिलअमाइन करतात आणि आपल्याला परिचित असलेला ‘मासळीचा वास’ निर्माण होतो. मोरीच्या शरीरात युरियाचे प्रमाण मोठे असल्यामुळे तिला अमोनियाचा दर्प येतो. हा सारा बिघाड तापमानाच्या हातात आहे. शून्य अंशाला मासा ज्या वेगाने खराब होतो, त्याच्या सुमारे चौपट वेगाने तो दहा अंशाला खराब होतो. भर दुपारी बंद गाडीच्या डिकीत काय होत असेल, याची कल्पना यावरून यावी.

वास न येणारे विष

वास आला की मासा फेकून द्यावा, हे घरातील प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. अडचण अशी, की मासळीतून होणाऱ्या एका महत्त्वाच्या विषबाधेला वास नसतो. ती म्हणजे हिस्टामिनची विषबाधा.

बांगडा, गेदर म्हणजेच कुपा, इसवण म्हणजेच सुरमई, तारली या माशांच्या गडद, स्निग्ध मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल मुक्त स्वरूपात विपुल असते. मॉर्गनेला मॉर्गनी व तत्सम जीवाणूंजवळ हिस्टिडीन डिकार्बॉक्सिलेज हे एन्झाइम असते. मासा उबेत राहिला, की हे जीवाणू वाढतात आणि हिस्टिडीनचे हिस्टामिन करतात. हिस्टामिन उष्णतेला दाद देत नाही. तळणे, उकळणे, भाजणे, धुरी देणे, डबाबंद करणे, गोठवणे यांपैकी कशानेही ते नष्ट होत नाही. आमसुलाचा आंबटपणाही त्याचे काही करू शकत नाही. हळद-मीठ लावणे चवीसाठी उत्तम. परंतु तो थंडाव्याला पर्याय नव्हे.

आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एकदा एन्झाइम तयार झाले, की पुढे मासा थंड केल्यावर जीवाणूंची वाढ मंदावली तरी एन्झाइमचे काम संथपणे चालू राहू शकते. थंडीने घड्याळ मंद होते; उलटे फिरत नाही. दुसरे असे, की एकाच माशाच्या निरनिराळ्या भागांत हिस्टामिनचे प्रमाण निरनिराळे असते. म्हणून एकाच कालवणातील एक तुकडी खाणाऱ्याला त्रास होतो आणि शेजारी बसलेल्याला काही होत नाही.

किती हिस्टामिन त्रासदायक? जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांच्या २०१२ सालच्या संयुक्त बैठकीने निरोगी माणसाच्या बाबतीत एका जेवणातून ५० मिलिग्रॅमपर्यंतचे हिस्टामिन निर्धोक मानले. एका वेळी माणूस २५० ग्रॅम मासा खाईल असे धरल्यास हे प्रमाण किलोमागे २०० मिलिग्रॅम होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने व्यावसायिक नौकांना घालून दिलेले मार्गदर्शन असे, की हवा किंवा पाणी २८ अंशांहून अधिक उष्ण असेल तर अशा जातींचे मासे मृत्यूनंतर शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, बर्फात गेले पाहिजेत. ही बाहेरची मर्यादा आहे, सवलत नव्हे. नौकेवरचा मासा निदान सावलीत असतो. गाडीची बंद डिकी उन्हात पन्नास अंशांच्याही पुढे तापू शकते.

ॲलर्जी की विषबाधा?

येथे विषय थेट आपल्या दवाखान्यात येतो. रुग्ण सांगतो, ‘डॉक्टर, मासे खाल्ले आणि अर्ध्या तासात चेहरा लालबुंद झाला, डोके ठणकू लागले, छाती धडधडू लागली, अंगावर पित्त उठले.’ काहींना तोंडात मिरी चावल्यासारखी झणझण जाणवते. मळमळ, पोटात कळ, जुलाब होतात. लक्षणे दहा मिनिटांपासून दोन तासांपर्यंत केव्हाही सुरू होतात आणि बहुधा काही तासांत, फार तर एका दिवसात, ओसरतात. अँटिहिस्टामिन दिले की आराम पडतो. आणि मग केसपेपरवर दोन शब्द लिहिले जातात : ‘मासळीची ॲलर्जी’.

मध्यमवयीन अशा एका शिक्षिकेच्या कागदांवर हे दोन शब्द मी पाहिले, तेव्हा ते लिहून नऊ वर्षे झाली होती. त्या माझ्याकडे रक्तदाबासाठी आल्या होत्या. बोलता बोलता कळले, की माहेर मालवणकडचे, लहानपणापासून मासळीवर वाढलेल्या. परंतु नऊ वर्षे त्या घरातल्यांसाठी कालवण करीत आणि स्वतः पापड-लोणच्याशी भात खात. त्या एका रात्री काय झाले होते, असे खोदून विचारल्यावर चित्र स्पष्ट होत गेले. यजमान आणि त्यांचे मित्र होडीतून बांगडे धरून आले होते. मासळी प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाडीच्या डिकीत. दुपारी किनाऱ्यावर जेवण, थोडी विश्रांती, मग प्रवास. चार वाजता घरी आल्यावर ती फ्रिजमध्ये गेली आणि रात्री नऊला शिजली. त्या रात्री बाईंबरोबर दिरांचाही चेहरा लाल झाला होता आणि सासूबाईंचे डोके दुखले होते. परंतु त्यांना दवाखान्यात जावे लागले नाही, म्हणून ते कोणी सांगितलेही नाही. बाईंना त्यापूर्वी मासळीने कधीच त्रास झाला नव्हता. मी त्यांना ॲलर्जीतज्ज्ञांकडे पाठविले. त्वचेवरील चाचणी व रक्तातील विशिष्ट आयजीईची तपासणी नकारात्मक आली आणि नंतर रुग्णालयात देखरेखीखाली त्यांना मासा खावयास देण्यात आला. काहीही झाले नाही. पुढच्या भेटीत त्यांनी मला रक्तदाबाविषयी एकही प्रश्न विचारला नाही; कोणत्या दिवशी कोणते कालवण केले, एवढेच सांगितले.

ज्या समाजात पाहुणचार, माहेरपण आणि सणानंतरचे जेवण मासळीवाचून पुरे होत नाही, तेथे हे दोन शब्द हलक्या हाताने लिहू नयेत. खरी मत्स्य-ॲलर्जी असते; माशातील पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन तिचे प्रमुख कारण आहे आणि ती जीवघेणी ठरू शकते. म्हणून संशय दूर झाल्याशिवाय रुग्णाला घरी ‘खाऊन पाहा’ असे कदापि सांगू नये. परंतु भेद करण्यासाठी चार प्रश्न पुरेसे उपयोगी पडतात : मासा कोणता होता? पाण्याबाहेर आल्यापासून बर्फात जाईपर्यंत किती तास गेले? त्याच ताटावरील आणखी कोणाला त्रास झाला का? आणि तीच मासळी यापूर्वी व यानंतर खाल्ली असता काय झाले? एकाच जेवणानंतर एकाहून अधिक माणसे लाल झाली, तर सर्वांना एकाच वेळी ॲलर्जी होणे संभवनीय नाही, हे ध्यानात ठेवावे. रक्तातील ट्रिप्टेज हिस्टामिनच्या विषबाधेत वाढत नाही, ॲनाफायलॅक्सिसमध्ये बहुधा वाढते. मात्र अन्नजन्य ॲनाफायलॅक्सिसमध्ये ते सामान्यही राहू शकते; म्हणून ही तपासणी साहाय्यक मानावी, निर्णायक नव्हे.

उपचारात घोळ घालू नये. सौम्य त्रासाला एच-१ अँटिहिस्टामिन, जोडीला गरजेनुसार एच-२ रोधक पुरते. रक्तदाब उतरत असेल, श्वास अडकत असेल, घशाला सूज असेल, तर विषबाधा की ॲलर्जी हा शास्त्रार्थ बाजूला ठेवून मांडीच्या स्नायूत ॲड्रेनालिन द्यावे. निदानाची चर्चा रुग्ण स्थिर झाल्यावर करावी.

एका गटाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. आयसोनियाझिड घेणाऱ्या क्षयरुग्णांत हिस्टामिनचे विघटन करणारी एन्झाइमे दबलेली असतात. त्यामुळे इतरांना न बाधणारे प्रमाणही त्यांना बाधते. श्रीलंकेतील संशोधकांनी १९७७ साली अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. क्षयावर उपचार घेणारा रुग्ण ‘गोळ्यांनी अंगावर उठते’ म्हणून औषध बंद करण्याची भाषा करू लागला, तर त्याने आदल्या जेवणात कोणता मासा खाल्ला होता, हे जरूर विचारावे. गोळी सुटली तर क्षय बळावतो. बांगडा चार-सहा महिने सुटला तर काही बिघडत नाही.

बर्फाचे गणित

आता उपायाकडे वळू. बर्फ किती घ्यावा, याचा अंदाज शाळेतील पदार्थविज्ञानाने बांधता येतो. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. एक किलो मासा एक अंशाने थंड करण्यासाठी सुमारे ०.८५ किलोकॅलरी काढून घ्यावी लागते. दहा किलो मासळी ३० अंशांवरून शून्यावर आणावयाची, तर १० × ०.८५ × ३० म्हणजे २५५ किलोकॅलरी उष्णता काढावी लागेल. तिला ८० ने भागले, की सव्वातीन किलो बर्फ होतो. एवढा बर्फ केवळ मासळी थंड करण्यातच खर्ची पडतो. पेटीच्या भिंतींतून झिरपणारी उष्णता, झाकण उघडल्याने शिरणारी हवा आणि प्रवासाचे तास यांसाठीचा बर्फ वेगळा. म्हणून आपल्या हवामानात जितकी मासळी तितका बर्फ, हे किमान प्रमाण धरावे. उन्हाळ्यात दीडपट घ्यावा. घाटात दरड कोसळली किंवा एखादे अवजड वाहन अडकले, की तीन तासांच्या प्रवासाला सहा तास लागतात, हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाला आहे. बर्फाचा हिशोब त्या सहा तासांचा असावा.

बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच असावा. लादी तशीच टाकू नये; गोणपाटात गुंडाळून बडवून तिचा बारीक चुरा करावा. मोठा खडा माशाला एका ठिकाणी टेकतो, चुरा सर्वांगाला लागतो. सर्वांत जलद थंडावा हवा असेल तर दोन भाग चुरा आणि एक भाग स्वच्छ समुद्राचे पाणी असा काला करून मासा त्यात बुडवावा. नुसत्या बर्फात मासा आणि बर्फ यांच्या फटींत हवा राहते. पाणी त्या फटी भरून काढते. होडीवर असताना हीच रीत सर्वोत्तम.

निघण्यापासून पोहोचण्यापर्यंत

आदल्या रात्री पेटीत थोडा बर्फ टाकून ती आतून गार करून ठेवावी. तापलेल्या पेटीत भरलेला पहिला बर्फ पेटीच खाऊन टाकते. आइसबॉक्स नसेल तर जाड थर्माकोलची पेटीही चालते. तिचे झाकण चिकटपट्टीने बंद करावे आणि वर ओले गोणपाट घालावे. घरच्या फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून नेल्या तर त्या परतीच्या प्रवासात राखीव बर्फ म्हणून उपयोगी पडतात आणि नंतर पिताही येतात.

पाण्यावर असताना मासा वर येताच त्याला संपवावे, रक्त वाहू द्यावे आणि लगेच काल्यात टाकावे. ‘सगळे एकदम बर्फात घालू’ असे म्हणून बादलीत साठवीत बसू नये. पहिल्या माशाचे घड्याळ केव्हाच सुरू झालेले असते. मोठ्या माशाचे कल्ले व आतडी शक्य तितक्या लवकर काढावी, पोटातील काळा पापुद्रा खरवडावा, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि पोटाच्या पोकळीतही बर्फाचा चुरा भरावा. जाड मासा बाहेरून गार लागला तरी आत बराच वेळ उबदार राहतो. बांगडे-तारल्यांसारखी लहान मासळी पुष्कळ असेल, तर साफसफाईत तास घालविण्यापेक्षा ती अखंड बर्फात जाणे अधिक महत्त्वाचे.

प्रवासासाठी पेटी भरताना तळाशी बर्फ, मग मासळीचा एक थर, पुन्हा बर्फ, असे थर द्यावेत आणि सर्वांत वर बर्फाचाच जाड थर यावा. वितळलेले पाणी निघून जाण्यासाठी खालचे छिद्र अधूनमधून उघडावे. रक्त-घाण मिसळलेल्या पाण्यात मासळी तरंगत राहू नये. कापलेल्या तुकड्या मात्र घट्ट पिशवीत बंद करून मगच बर्फात ठेवाव्यात. पेटी उन्हात ठेवू नये आणि दर थांब्यावर झाकण उघडून मित्रांना मासे दाखवू नयेत. हा मोह आवरणे अवघड आहे, हे मी जाणतो. हिवाळ्यात घाट चढताना काचेतून येणारा वारा सुखद लागतो आणि आता काळजी नाही असे वाटू लागते. तो वारा आपल्याला लागत असतो, डिकीतील मासळीला नव्हे.

वाटेत जेवणासाठी थांबावयाचे असेल, तर आधी पेटीतील बर्फ पाहावा आणि मग जेवणाकडे वळावे. नाशवंत पदार्थ थंडाव्याबाहेर दोन तासांपेक्षा अधिक आणि हवा ३२ अंशांहून उष्ण असेल तर एका तासापेक्षा अधिक राहू नये, हा सर्वसाधारण नियम येथेही पाळावा.

घरी पोहोचल्यावर मासळीचा ढीग तसाच फ्रिजमध्ये कोंबू नये. ढिगाच्या मधला भाग थंड व्हायला फार वेळ लागतो. दोन दिवसांत खावयाची तेवढी मासळी पातळ थरात किंवा बर्फावर ठेवून फ्रिजमध्ये ठेवावी. उरलेली एका जेवणापुरत्या लहान पुड्या करून, हवा काढून, तारीख लिहून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये टाकावी. वितळविताना ओट्यावर न ठेवता आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. वाटून टाकावयाची असेल तर शेजाऱ्यांना त्याच रात्री द्यावी आणि देताना ‘बर्फात आणली आहे, लगेच फ्रिजमध्ये ठेवा’ एवढे सांगावे. बाधा झाली तर ती शेजारच्या घरातील वृद्धाला किंवा लहान मुलालाही होऊ शकते, याचे भान असावे.

कुर्ल्या, तिसऱ्या आणि आपले हात

कुर्ल्यांचा नियम निराळा. त्या जिवंतच आणाव्यात : ओल्या गोणपाटात, सावलीत, हवा खेळती ठेवून. गोड्या पाण्यात बुडवून ठेवल्यास त्या मरतात. वाटेत मेलेली कुर्ली कितीही मोठी असली तरी टाकून द्यावी. तिसऱ्या व शिणाणे हे पाणी गाळून जगणारे जीव. ज्या पाण्यात ते वाढतात त्या पाण्यातील जीवाणू व विषे ते साठवितात. सांडपाणी मिळणाऱ्या खाडीतील शिंपले काढूच नयेत. टिचकी मारूनही न मिटणारा आणि शिजवूनही न उघडणारा शिंपला खाऊ नये.

मासळी हाताळताना होणाऱ्या जखमांकडेही दुर्लक्ष होते. शेंगटीचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली, तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंशांच्या आत, तीस ते नव्वद मिनिटे बुडवून ठेवावा. हे विष उष्णतेने निकामी होते आणि वेदना कमी होतात. पाण्याची ऊब दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने तपासावी. काट्याचा तुकडा आत राहिला आहे का ते पाहावे, धनुर्वाताच्या लसीचा विचार करावा. यकृताचा विकार किंवा मधुमेह असलेल्या माणसाची समुद्राच्या पाण्यातील जखम काही तासांत सुजून निळी-जांभळी होऊ लागली, तर व्हिब्रिओ व्हल्निफिकसचा संशय घेऊन विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. डॉक्सिसायक्लिन व तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिन सुरू करण्यास आणि शल्यचिकित्सकाचे मत घेण्यास तेथे उशीर चालत नाही. याउलट, बोटावरील एखादी गाठ आठवडेच्या आठवडे भरून येत नसेल, तर मायकोबॅक्टेरियम मरायनम आठवावा आणि ‘मासे साफ करता का?’ हा प्रश्न विचारावा.

समारोप

या साऱ्याचे सार काढावयाचे तर ते एका ओळीत मावते : जितका बर्फ, तितकीच मासळी. पेटीत पाच किलो बर्फ असेल तर पाच किलो मासळी धरावी आणि गळ गुंडाळावा. हाताला मासे लागत असताना थांबणे कठीण असते. परंतु जे नीट घरी नेता येत नाही ते पाण्यातच असलेले बरे. लहान मासा पुन्हा पाण्यात सोडावा. गोव्यात १ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक मासेमारीच्या बंदीचा काळ असतो. या दिवसांत समुद्र खवळलेला असतो आणि अनेक जातींच्या विणीचाही हा काळ असतो. हौशी माणसानेही त्याचा मान राखावा.

आपण डॉक्टर मंडळी लसीच्या कुपीचा थंडावा राखण्यासाठी किती दक्ष असतो! कंपनीपासून दंडापर्यंत ती साखळी कोठेही तुटू नये म्हणून तापमानाच्या नोंदी ठेवतो. मासळीलाही तशीच साखळी लागते, आणि स्वतः धरलेल्या मासळीच्या बाबतीत तिची प्रत्येक कडी आपल्याच हातात असते. येत्या हंगामात घाट उतरताना, वेंगुर्ल्याच्या किंवा मालवणच्या बंदराजवळ पोहोचलात, की आमिष विकत घेण्याआधी बर्फाच्या कारखान्यासमोर गाडी उभी करा. आणि रुग्ण लाल चेहऱ्याने दवाखान्यात आला, तर त्याच्या कागदावर ‘मासळीची ॲलर्जी’ हे शब्द लिहिण्यापूर्वी ते चार प्रश्न अवश्य विचारा.